माळ्यावरच्या फळ्या

दातांत बारीक खिळे धरून सून शवपेटीच्या आत ओणवी झाली होती. पांढऱ्या साटिनची चुणी डाव्या अंगठ्यानं दाबायची, जिभेनं खिळा ओठांवर आणायचा, हातोडीचा एक हलका ठोका, की पुढची चुणी. हे तिला सासूनं शिकवलं होतं. चुण्या इतक्या दाट पडत की खालची फळी दिसत नसे, आणि कापड काठावरून वळून बाहेरूनही पेटी झाकून टाकी. हल्ली तेच तर हवं होतं. फळीवर काळ्या रंगात एक पेला छापलेला होता आणि त्याच्या शेजारी वर टोक केलेला बाण. तिनं पेल्यावर कापड ओढलं.

कारखान्यात यंत्रं ज्यांतून येतात ती असल्या खुणांची रिकामी लाकडी खोकी तिचा सुतार नवरा वर्षभर आणत होता. बाळ झालं, आईनं अंथरूण धरलं, आणि भरीव लाकूड परवडेना. दर मात्र भरीव लाकडाचाच राहिला.

"मेलेल्याला काय टोचतंय?" तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा दोघंही हसली होती.

मग पोस्टमनची पेटी दोरांवरून खड्ड्यात उतरू लागताच मधोमध करकरली. पाळकांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. पोस्टमनच्या मुलानं गुडघे टेकून पेटीच्या तळाखाली हात धरला, जणू बाप झोपेत पडतोय. "लाकूड दमट होतं," सुतार म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. त्याच्या बापापासूनचा विश्वास. खरं-खोटं उकरून कोण बघतो?

"कुणाची गं?" पडद्याआडून सासूनं विचारलं.

सुनेनं खिळे तळहातावर घेतले. "बेकरीवाल्याची धाकटी, आई."

"बाळाला बघायला आली होती ती?"

"तीच. येताना कोवळा पाव आणला होता बघा, पदराखाली झाकून."

बाळ आजीच्या अंथरुणावर होतं; त्याचे हुंकार ऐकू येत होते.

"इकडे ये जरा."

सून पडदा सारून आत गेली. सासू भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाळ, आणि पुढ्यात चादरीवर लाकडाचे तुकडे ओळीनं मांडलेले. सुनेनंच ते दिले होते. दात येताना बाळाला चावायला काहीतरी हवं असतं; पेट्यांचे उरलेले तुकडे ती घासून, धुऊन, वाळवून आणून द्यायची. एका तुकड्यावर अर्धा पेला होता. एकावर बाणाचं टोक.

"माझी नात यंत्रं खाते की काय, असं वाटलं मला," सासू म्हणाली. हसली नाही.

सुनेनं खाली पाहिलं. खिळे तळहातात रुतत होते.

"त्याला सांग, माळ्यावरच्या फळ्या काढ. त्या पोरीला लाव."

"आई, त्या तुमच्या आहेत."

"माझ्या आहेत म्हणून तर सांगते. शेजाऱ्यांच्या असत्या तर मागितल्या असत्या."

त्या फळ्या सासऱ्यांनी ठेवलेल्या. एकाच झाडाच्या, त्यांतल्या निम्म्यांत ते स्वतः निजले, निम्म्या बायकोसाठी. सासू गमतीनं म्हणायची, माझा बंगला माळ्यावर तयार आहे, फक्त राहायला जायचं बाकी आहे.

"आणि तुम्हाला?"

"बाहेर आहे की अर्धी झालेली पेटी. मावते मी. आता उरलंय काय माझं?" सासूनं बाळाच्या तोंडातून तुकडा हळूच काढून घेतला. "फक्त कापड लावू नकोस. आतून नको, बाहेरून नको."

सुनेनं अंगणात जाऊन हे सांगितलं, तेव्हा सुतारानं करवत चालूच ठेवली.

"म्हातारपण आहे. बोलते काहीतरी."

"त्यांना कळलंय, अहो. सगळं."

"मग तर झालंच." करवत अडकली, त्यानं ती हिसका देऊन सोडवली. "बिनकापडाची पेटी चर्चमध्ये नेऊ? सुताराच्या आईची? उद्यापासून आपल्या दारात कोण येईल? आपल्या पोरीला काय खायला घालशील, भुसा?"

भुसा तिच्या पायांवर पडत होता.

दिवेलागणीला सासू रोज मोठ्यानं प्रार्थना करायची. तिचीच प्रार्थना, साधी: देवा, खोटं माझ्यापासून लांब ठेव. फार देऊ नकोस, माजेन. उपाशी ठेवू नकोस, चोरेन. पुरेल एवढं दे. आणि अंगणातून सुतार हातातलं काम न सोडता ओरडायचा, "आमेन!" लहानपणापासूनची खोड. सूनही पूर्वी बरोबर म्हणायची. वर्षभरात मात्र पहिल्या वाक्याला तिला हटकून त्याच पैशांतून आलेली बाळाची दुपटी आठवायची.

त्या दिवशी सासूनं हात जोडले. "देवा, खोटं माझ्यापासून..."

आणि थांबली.

सुनेला वाटलं, दम लागला. पाणी पुढे केलं. सासूनं मान हलवली.

"दूध, औषध, हे पांघरूण. सगळं त्यातूनच आलंय ना गं? माझ्या पोटात आहे ते. लांब ठेव, असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

अंगणात करवत थांबली होती. सुतार त्याच्या आमेनची जागा यायची वाट बघत असावा. प्रार्थना पुढे गेली नाही, आमेन आलं नाही. मग शिडी भिंतीला लागल्याचा आवाज झाला, आणि माळ्यावरून एकेक फळी खाली येऊ लागली.

बेकरीवाल्याची मुलगी त्या फळ्यांत गेली. बेकरीवाल्यानं पेटीवरून पिठाचा हात फिरवला आणि म्हणाला, "चांगलं काम केलंस रे बाबा." सुतार चपला शोधायला निघून गेला.

त्याच आठवड्यात सासू गेली. दुपारी, बाळ कुशीत झोपलेलं असताना. आधी कोण उठेल याची जणू पैज होती.

अर्धी पेटी कोपऱ्यात उभी होती. सुतारानं ती आडवी केली, साटिनचा तागा तिच्याजवळ ठेवला.

"पुरी कर."

सून पेटीत वाकली. पक्कड घेतली आणि लावलेले खिळे काढायला लागली. एकेक चुणी सुटत गेली. पेला दिसला. बाण दिसला.

"काय करतेस? सगळा गाव बघेल!"

"त्यांनी सांगितलंय."

"ती गेली आता. तिला काय कळतंय?"

"हो," ती म्हणाली. "मेलेल्याला काय टोचतंय."

सुतार तिथेच, लाकडाच्या ढिगावर बसला. उठून तिचा हात धरता आला असता; तो उठला नाही. तिनं कापड सोडवलं, घडी घातली. मग त्याच्यापुढे हातोडी धरली. तळ अजून पक्का करायचा होता. त्यानं ती घेतली. तळाला त्यानं आडव्या पट्ट्या मारल्या, एकीशेजारी एक, लागतील त्याहून जास्त.

चर्चच्या दारात पेटी उचलायला चौघं पुढे झाले. पायांकडे एका बाजूला सुतार, दुसऱ्या बाजूला पोस्टमनचा मुलगा. बायका कुजबुजत होत्या ती कुजबुज थांबली. पोस्टमनचा मुलगा पेल्याकडे बघत राहिला. मग बाणाकडे. सुताराकडे त्यानं पाहिलंच नाही. पेटी उचलली गेली, आणि त्यानं दुसरा हात तळाखाली सपाट धरला, त्या दिवशी धरला होता तसा.

मागे सून, कडेवर बाळ.

"खोटं माझ्यापासून लांब ठेव," ती म्हणाली, शेजारणीला ऐकू जाईल इतकं. "फार देऊ नकोस. उपाशी ठेवू नकोस." उद्याच्या चुलीचा विचार आला आणि आवाज फाटला. "पुरेल एवढं दे."

ती थांबली. पुढून आमेन आलं नाही. नुसते पाय वाजत होते.

मग तिला दिसलं, पेटीच्या तळाखाली त्या मुलाच्या हाताजवळ दुसरा एक हात हळूहळू सरकत आला, नखांत भुसा असलेला. तो हात तिथे राहिला. पोस्टमनच्या मुलानं आपला हात काढून घेतला नाही. आणखी जवळही आणला नाही.