पालथा तारा

त्या वर्षी मी सकाळी ऊद हे तंतुवाद्य वाजवायचे, दुपारी भरतकाम करायचे आणि संध्याकाळी रंगांचे डबे उघडून बसायचे. धड एकही पुरं होत नव्हतं. शेवटी आईने वैतागून मला अल्लालमामाकडे धाडलं. कारंज्यांच्या नक्षीत अख्ख्या फेझ शहरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आमच्याकडे फरशीचे नखाएवढे तुकडे पालथे मांडतात. रंग जमिनीकडे, मातकट पाठ वर. त्यावर गिलावा ओतायचा आणि सुकला की सगळं उलटायचं. तोवर निळं कुठे, हिरवं कुठे, ते मनातच बघायचं.

अंगणात मऊ ऊन पसरलं होतं. त्या मातकट पाठींकडे बघताबघता मला त्यांच्याखाली निळं पाणी हलताना दिसायला लागलं. राहवेना. मी एक तुकडा उचलून पाहिला, मग दुसरा. शेजारचे सरकले आणि मी मांडत आणलेला नक्षीतला तारा विस्कटला.

"बतूल, एकेकाचं तोंड बघत बसलीस तर कयामत उजाडेल, पण कारंजं व्हायचं नाही!" मामा खेकसला.

मी चिडून पुन्हा मांडायला घेतलं. या वेळी एकही तुकडा उचलला नाही. दुपार कधी कलली, कळलंच नाही. तारा पुरा झाला तसा मामा गिलाव्याचं घमेलं घेऊन आला.

"मामा, तुला कधी वाटलं नाही, हे सोडून दुसरं काहीतरी करावं?"

"रोज वाटतं," मामा म्हणाला. "सरक तिकडे."

आणि त्याने घमेलं ओतलं.