जनाबाईचा राब

राघो ब्रह्मदेशातल्या लढाईवरून सापगावला परत आला, तेव्हा गावाने त्याच्या गळ्यात हार घातला. दोन महिन्यांनी त्याच गावाने त्याला वेडा ठरवलं. गावाचं तोंड कोण धरणार?

झालं एवढंच की शेजारच्या शेतात राब भाजत होते. भाताचं बी पेरायच्या जागी फांद्या-पाल्याचे भारे पसरून जाळतात, तो राब. त्यात कुणीतरी ओला बांबू टाकला. त्याचं पेर फाडकन फुटलं आणि राघो कान दाबून बांधावर पालथा पडला. पोरं हसली. मोठ्यांनी भूत उतरवणाऱ्या भगताचं नाव काढलं. तेव्हापासून राघो घराबाहेर पडेना. लाज स्वतःची वाटे आणि ओरडे बायकोवर. शेवटी त्याने ट्रंक भरली.

"कल्याणला जातो. हितं राब भाजल्याबिगर भात व्हत नाय, आन् मला..." त्याने ट्रंकेची कडी लावली.

बायको शकू रडत जनाबाईकडे गेली. जनाबाई राघोची चुलती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. सात वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने पाल्याच्या भाऱ्यात हात घातला आणि आतलं फुरसं चावून तो गेला. तेव्हापासून शेत ती एकटीच करी. धीराची बाई म्हणजे जनाबाई, असं अख्खं सापगाव म्हणे, आणि त्यात गावाची काही चूक नव्हती.

ती आली ती अंगारा घेऊन नाही की उपदेश घेऊन नाही. ट्रंकेकडे बघून म्हणाली, "जा की. पर आदी माजा राब भाजून दे."

तिला नाही म्हणायची राघोची काय बिशाद! तो गेला, पण लांबच उभा राहिला. जनाबाईने भाऱ्यावर काठी आपटली, डोळे मिटले आणि हात घातला. तो हात कोपरापर्यंत थरथरत होता. दुसऱ्या भाऱ्यालाही तेच.

"काकी, तुजा हात कापतोय."

"सात वर्सं कापतोय. हरेक भाऱ्याला."

"मंग लोकं तुला धीराची म्हनतात ती?"

"म्हनू देत. भ्या गेलं नाय रे माजं. मी आपली त्याला संगती घेऊन शेतात येते. त्याच्यासाठी घरी बसले, तर खानार काय?"

राघोचे डोळे भरून आले. हीच बाई त्याला लहानपणी पाठीवर घेऊन ओढा ओलांडायची. "भारे मी उचलतो," तो म्हणाला. "तू पेटव."

"नाय. माजं मला करू दे, तू तुजं कर." तिने काडेपेटी पुढे केली. "बांबू हाय त्यात. आदीच सांगते."

त्याने पेटवलं. पेर फुटलं आणि राघो जमिनीवर आडवा झाला. जनाबाई त्याला 'ऊठ' म्हणाली नाही. पदर खोचून त्याच्याशेजारी मातीत बसली.

"आजून दोन पेरं हायेत," ती म्हणाली.

दुसऱ्याला तो दचकला, पण उठून बसला. तिसऱ्याला त्याने तिचा हात घट्ट धरला. दोघांचेही हात कापत होते. मग जाळ बसला.

पलीकडचं वावर अजून भाजायचं होतं. राघो उठला. जनाबाईने पुढच्या भाऱ्यावर काठी आपटली, डोळे मिटले, हात घातला आणि भारा त्याच्यापुढे आणून पसरला. त्याच्या हातातली पहिली काडी विझली. दुसरीही विझली. जनाबाई थांबली.

तिसरी पेटली.