निळ्याचा उपवास

"पद्मा, मीठ मी बघून ठेवलंय. दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. तू फक्त हिरवं द्यायचंस. रोज. खाडा करायचा नाही."

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला निघताना आमचे हे गाडीत बसल्यावरसुद्धा काच खाली करून हेच सांगत होते. मुलगा सम्मेद सोबत निघाला होता. मी घरीच राहणार होते, कारण दुसऱ्या दिवसापासून दशलक्षण पर्व. दहा दिवस सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, अभिषेक, पूजा, आणि दिवसातून एकदाच जेवण. लग्नाआधीपासूनचा नियम, तो मोडायचा प्रश्नच नव्हता.

हिरवं द्यायचं ते हॉलमधल्या सहा फुटी काचपेटीतल्या माशांना. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं नळकांड्यातून बघून उसाच्या रसाची गोडी मोजणाऱ्या या माणसाला निवृत्तीनंतर खाऱ्या पाण्याचं वेड लागलं. तसलंच नळकांडं डोळ्याला लावून आता हे मीठ मोजतात. माझी एकच अट होती, मांस खाणारा जीव घरात आणायचा नाही. मग शेवाळ चरणारे दोन सर्जन मासे आले. एक गडद निळा, पिवळ्या शेपटीचा. दुसरा लिंबासारखा अंगभर पिवळा. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे सुरीसारखा काटा असतो म्हणून सर्जन. निळ्यावर यांचा फार जीव. सकाळी चहाचा कप घेऊन हे काचेपुढे बसले की तोही समोर येऊन थांबायचा.

पर्वाच्या पहिल्या दिवशी मी माशांच्या खाण्याचं पाकीट उघडलं. आत वाळवलेल्या शेवाळाचे कागदासारखे पातळ तुकडे, हिरवेगार. मी थबकले. कोथिंबीर, मिरची, कढीलिंब आदल्या दिवशीच घराबाहेर गेले होते. दहा दिवस या घरात हिरवं येत नाही. मग हे कसं चालेल? शेजारी गोळ्यांची बाटली होती. त्याही शेवाळाच्याच, पण रंग तपकिरी. मी पाकीट फळीवर ठेवून दिलं आणि दोन्ही वेळ गोळ्या टाकू लागले. उलट वाटलं, बरंच झालं, या मुक्या जिवांच्या पदरातही पुण्याचे चार दाणे पडतील.

पिवळ्यानं गोळ्या खाल्ल्या. निळ्यानं तोंडात घेतल्या आणि थुंकल्या.

पाचव्या दिवशी बायडाबाई दूध घालायला आली. इथं आमच्या बावड्यातच तिचा गोठा. बोलणं असं की चार घरांपलीकडं ऐकू जावं. काचेशी वाकून ती ओरडली, "वैनी! ह्यो निळा आडवा पडलाय की! प्वाट बघा, पाठीला लागलंय. खायला घालतासा का न्हाई?"

"घालते की. गोळ्या घालते."

"आन् मालक घालत्यात ते हिरवं कागूद?"

मी हळूच म्हटलं, "पर्व आहे ना, बायडाबाई. हिरवं वर्ज्य."

"आवो, पर्व तुमचं हाय. त्यानं कवा बस्तीत जाऊन हात जोडलं? चरणारं जनावर हाय ते. माझ्या म्हशीला पाच दिस वैरण तोडून पेंडच घातली, तर ती मला शिंगावर घील!"

नियम घेताना आपण हात जोडून आपल्या तोंडानं म्हणतो. निळ्यानं काही म्हटलं नव्हतं. त्याचा नियम मीच घेतला होता, आणि पोट त्याचं जळत होतं.

मी स्टूल ओढून पाकीट काढलं, तेवढ्यात फोन वाजला. सम्मेद वैतागलेला. "आई, आण्णा उठेनात. डॉक्टर म्हणतात चाललं पाहिजे, नाहीतर गुडघा आखडेल. हे म्हणतात दुखतंय, उद्या बघू. तीन दिवस उद्याच चाललाय."

फोन यांच्या हातात गेला. "ते राहू दे. निळ्या कसा आहे? हिरवं देतेस ना?"

पर्वात रोज एका धर्माची पूजा, आणि त्या दिवशी होती ती नेमकी उत्तम सत्य धर्माची, खरं बोलण्याची. तासाभरापूर्वीच मी अर्घ्य वाहून आले होते. खरं सांगते, तरीही जिभेवर 'हो' आलं होतं.

"नाही दिलं," मी म्हटलं. "पाच दिवस नाही दिलं. माझं चुकलं. तो आडवा पडलाय."

हे म्हणाले, "तो खाईपर्यंत मला कुणी उठवू नका."

"आणि खाल्लं तर?"

"खाल्लं तर दारापर्यंत चालीन. शब्द."

मी चिमट्यात तुकडा धरून पाण्यात सोडला. निळ्या कोपऱ्यातल्या दगडाआडून हललासुद्धा नाही. मी तुकडा त्याच्या तोंडाशी नेला, तर आणखी आत सरकला.

"आसं न्हाई," बायडाबाई म्हणाली. दुधाची किटली तिनं कधीच खाली ठेवली होती. "वैरण सोडल्यालं जनावर तोंडाफुडं धरून खात न्हाई. शेजारी दुसरं बांधायचं. ते खाया लागलं की ह्याच्या पोटात दुखतंय. दोरा हाय का?"

पूजेच्या वाती वळायचं सूत होतं. एक गुळगुळीत दगड धुऊन आम्ही त्याला शेवाळाचा तुकडा गुंडाळला आणि निळ्यापासून हातभर अंतरावर तळाशी सोडला. पिवळा लगेच आला आणि टचाटचा तोडू लागला. तुकडा निम्मा झाला. मी फोन मुठीत धरून मनात णमोकार मंत्र म्हणत होते. बायडाबाई पिवळ्याला शिव्या घालत होती, "सगळं गिळतुय बघा ह्यो बकासुर!"

मग दगडाआडून निळं तोंड बाहेर आलं. आधी नुसतं बघितलं. पिवळ्यानं आणखी एक लचका तोडला, तसा निळ्या वाकडातिकडा पोहत आला, पिवळ्याला शेपटीनं एक फटका दिला आणि शेवाळाला तोंड लावलं. एक घास. थुंकला नाही. दुसरा. तिसरा.

"खाल्लं वं बया!" बायडाबाईनं माझ्या पाठीत असा धपका घातला की फोन हातातून निसटता निसटता राहिला.

व्हिडिओ कॉल लावून मी फोन काचेसमोर धरला. हे पापणी न हलवता बघत होते. निळ्या खात होता, पिवळा बाजूनं घुसत होता. यांनी फोन सम्मेदकडं देऊन चादर बाजूला केली.

"आण्णा, थांबा, नर्सला बोलावतो," सम्मेदचा आवाज आला.

यांनी पाय खाली सोडले. दात आवळून वॉकर पुढं ओढला, उभे राहिले, आणि दाराच्या दिशेनं पहिलं पाऊल टाकलं.