मोसंबी-सोडा आणि आईचा सोमवार

"साखर घातलेली नाही. शुगरवाल्यांनी बिनधास्त प्यावं." गेवराईतल्या माझ्या ज्यूसच्या गाड्यावर हे मीच रंगवून घेतलं होतं. गिलासाला पाच मोसंब्यांचा रस, वरून थंडगार सोडा. फेस उसळला की गिऱ्हाइकाला वाटतं, औषधच पितोय. मलाही तेच वाटायचं. गाढव होतो.

आईला शुगर, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातली भाजी चाचपून ओळखायची. बीडच्या शिबिरात ऑपरेशन फुकट होतं, पण शुगर दोनशेच्या खाली पाहिजे. तपासणी नेमकी श्रावणी सोमवारी. सिस्टरनं बोटाला सुई टोचली. तीनशे बारा.

"आजी, सकाळी काय खाल्लंत?"

"काईच न्हाई बाई. सोमवार हाय माजा."

मी उखडलो. "उपाशी बाईची शुगर तीनशे काहून निघंल? गरिबाला हाकलायचे बहाणे हायेत हे!"

"ओरडू नका. आजी, प्यायलात काय?"

"आमच्या मल्लिनाथाचा मोसंबी-सोडा," आई तोऱ्यात म्हणाली. "दोनच गिलास. उपासाला चालतो."

सिस्टरनं मला गिलासाचा हिशेब विचारला आणि कपाळावर हात मारला. "दहा मोसंब्या! सोलून खाल्ल्या असत्या का आजींनी एवढ्या? चोथा फेकला, साखर तेवढी गिलासात ठेवली. आन् सोडा म्हणजे पाणी आणि गॅस. तो साखर मारत नाही हो, पातळ करतो फक्त. गुरुवारी आणा. तेव्हाही वाढलेली निघाली तर नाव कटलं."

घरी आल्या आल्या गाड्याच्या पत्र्यावरची अक्षरं ब्लेडनं खरवडली. बायको कावेरी म्हणाली, "धंदा बसंल."

"बसू दे. माज्याच आईला आंधळी ठिवत होतो मी."

तीन दिवस आईला भाकरी, भाजी, वेळेवर शुगरची गोळी. सोडा मागितला की नुसता सोडा, वर लिंबू पिळून.

"ह्याला काय चव हाय रं?" ती कुरकुरायची. पण प्यायची.

गुरुवारी पुन्हा सुई. मी भिंतीकडं तोंड करून उभा.

"एकशे अठ्ठावन्न. घ्या आजींना आत."

मी तिथंच फरशीवर बसलो.

"काय झालं रं?" आईनं हवेत हात फिरवत विचारलं.

"उतरली शुगर. आजच होतंय ऑपरेशन."

"मंग रडायलास कशाला? मला दिसत न्हाई, ऐकू येतंय."