दर मिनिटाला एक खाच

तापलेल्या काचेवर जस्ताच्या द्रावणाचा बारीक फवारा.

अंगणवाडीचं अर्धवट जोडलेलं गेट.

प्रबंधाचं पान त्र्याऐंशी : ‘प्रकाशस्रोत, झेनॉन दिवा.’

नवा पांढरा शर्ट, कॉलरखालचा पुठ्ठा काढायचा राहिलेला.

धम्मदीपाने पुढची स्लाइड लावली. अतिनील किरण पडले की काचेवरच्या त्या पातळ थरातून वीज जास्त वाहते. पडद्यावरची रेघ तशी झपकन चढली होती, वर जाऊन स्थिरावली होती. फक्त दर मिनिटाला तिच्यात एक खाच होती.

पीएच.डी.ची ही तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली होती. वाशीमच्या कॉलेजातल्या त्या सभागृहात मागच्या रांगेत तिचे वडील पुंजाजी त्या नव्या शर्टात बसले होते. खाचा दिसताच ते ताठ झाले आणि बोटांवर त्या मोजू लागले.

फेब्रुवारीत कॉलेजातला झेनॉन दिवा बंद पडला होता. प्रबंधाची मुदत जवळ आलेली. तेव्हा ती आपले नमुने घेऊन कामरगावला, वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. वेल्डिंगच्या उजेडात अतिनील किरण भरपूर असतात.

“हात हलू देऊ नका, बाबा.”

“तीस वर्सं झाली गेटं जोडून राह्यलो. आता तू मले हात शिकवून राह्यली?”

“रॉड संपला का झटकन दुसरा लावा.”

“एक रॉड मिनिटभर चालते. तुह्या मशीनले तेवढा दम निघंल ना?”

अशा अकरा दुपारी गेल्या; रॉड बदलताना दर वेळी उजेड क्षणभर जायचा. पुढे प्रबंध लिहिताना वडिलांच्या पत्र्याच्या शेडचं नाव घालायला तिचा हात वळला नाही.

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर सरकवला.

“या खाचा कसल्या?”

पुंजाजी खुर्चीतून अर्धे उठले.

“दिव्यातच दोष होता, सर,” धम्मदीपा पडद्याकडे बघत म्हणाली. “हलक्या प्रतीचा होता.”

पुंजाजी खाली बसले.

टाळ्या झाल्या. ती डॉक्टर झाली. चहाच्या वेळी परीक्षक मुद्दाम पुंजाजींजवळ आले.

“अभिनंदन. आपण काय करता?”

भाजल्याचे डाग असलेली बोटं पुंजाजींनी बशीखाली वळवून घेतली.

“शेती, साहेब.”

“अरे वा. काय पिकवता?”

“हाय थोडंसं. सोयाबीन घेतो.”

त्यांच्या नावावर बांधाएवढीही जमीन नव्हती. धम्मदीपा पेढ्यांचा बॉक्स धरून शेजारीच उभी होती. बॉक्सचं झाकण तिने लावलं, पुन्हा उघडलं.

“सर,” ती म्हणाली, “तो दिवा...”

परीक्षक तिच्याकडे वळले.

“साहेब, गोड चालते ना तुमाले?” पुंजाजींनी मधेच बॉक्स आपल्याकडे ओढला. “घ्या ना मंग अजून एक. एकानं काय होते?”

परीक्षकांनी हसून पेढा उचलला.

पहिल्या मोजणीच्या आदल्या दिवशी पुंजाजी एसटीने कारंज्याला जाऊन तिच्यासाठी वेल्डिंग बघताना डोळ्यांपुढे धरायची नवी काळी काच घेऊन आले होते. त्यांची स्वतःची मधोमध तडकलेली होती.