पोलादावरचे दोन कुत्रे

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावी, कारखान्यात, १९०२ साली माझा जन्म झाला. मित्रांनो, तेव्हा आमच्या पाच प्रती, म्हणजे पाच दर्जे, निघत. पहिली अगदी साधी, तर पाचवीवर सोन्याचे पक्षी. मी दुसऱ्या प्रतीची. आन्सेल्म नावाच्या कारागिराने छिन्नीने माझ्यावर दोन शिकारी कुत्रे कोरले. एकाचा पंजा उचललेला.

पुढे वॉल्टर प्रुइटच्या खांद्यावरून मी चाळीस वर्षं तितरांमागे हिंडले. लोक कुत्रे बघायला थांबत. "कारखान्यातूनच असे आलेत," तो सांगे.

तो गेला आणि मी आठ वर्षं कपाटात गंजत पडले. शेवटी त्याच्या बायकोने, हेझलने, मला साफ करायला बंदुका दुरुस्त करणाऱ्या ड्यूईच्या दुकानात नेलं. सोबत शेजारीण व्हर्ना होती.

ड्यूईने माझ्या कारखान्याचं जुनं सूचिपत्र उघडलं. "वाईट वाटून घेऊ नकोस हेझल. दुसऱ्या प्रतीवर कुत्रे नसतात, नुसती पानं असतात. हे मागाहून कुणीतरी कोरून घेतलंय."

"वॉल्टर खोटं बोलायचा नाही."

"भाव वाढावा म्हणून करतात लोक. घासून काढतो. निदान खरी दिसेल."

हेझलने कुत्र्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "घास."

घासायचं चाक फिरू लागलं. माझा चेहराच जाणार होता.

"बंद कर ते," व्हर्ना म्हणाली. "तुझं पुस्तक कधीचं?"

"चौतीसचं."

"तेव्हा मी त्या कारखान्यातच कामाला होते. पानं आम्ही साच्याने दाबायचो, मिनिटाला एक. हाताने कोरणं परवडेना झालं होतं. आधी दोन कुत्रे होते, मग एकच ठेवला, मग तोही गेला. प्रतीचं नाव मात्र तेच राहिलं. थांब, आलेच."

ती घरून, कारखान्यातून आणून जपून ठेवलेलं १९०२चं सूचिपत्र घेऊन आली. त्यात दुसऱ्या प्रतीचं चित्र होतं. दोन कुत्रे, एकाचा पंजा वर. ड्यूईने माझा क्रमांक ताडून पाहिला. साल जुळलं.

"चुकलो, हेझल."

"तू कसला चुकलास. घास तर मीच म्हणाले," असं म्हणत ती रडली आणि रडता रडता हसली. माझ्याही जिवात जीव आला. ड्यूईने नुसता गंज पुसून तेलाचा हात फिरवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर साफ करा. बंदूक असेल तर ती रिकामी करून मोठ्यांच्या कुलपातच राहू द्या. पण काही घासून टाकण्याआधी, ते जिथं बनलं तिथं काम केलेलं कुणी म्हातारं माणूस गावात आहे का, ते विचारा. अशी माणसं आता थोडीच उरली आहेत.