औसा रोडवरची वाइन

माझ्या लेकीचा, सृष्टीचा, नीटमधून नंबर लागला, ती नागपूरला मेडिकलला गेली आणि लातूरच्या भाड्याच्या खोलीत मी आठ दिवस नुसते झोपून काढले. दोन वर्षं पहाटे चारला तिला उठवायचं, चहा, डबा, क्लास, पुन्हा डबा. लातुरात माझ्यासारख्या आया गल्लोगल्ली आहेत. पोरांच्या अभ्यासासाठी आम्ही इथं, नवरे गावाकडे. माझा नवरा दयानंद निलंग्यात खत-बियाण्याचं दुकान चालवतो. रविवारी यायचा, तासभर बसायचा, शेवटी घड्याळ बघत एसटी गाठायचा.

त्या रविवारी तो मला घरी न्यायला आला होता. पण पोरीनं फोनवर हुकूम सोडला, "आधी औसा रोडवरच्या त्या नव्या इटालियन हॉटेलात जेवा. आणि वाइन घ्या, बरं का! जरा मजा करा दोघं." मजा करायलाही अंगात जोर लागतो, हे तिला कोण सांगणार?

त्यातून दारू म्हटलं की माझं डोकं फिरतं. आबा, म्हणजे माझे वडील, दारूनंच गेले. दयानंद मला बघायला आला तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता, पिता का? तो म्हणाला होता, न्हाई. त्या उत्तरावर मी वीस वर्षं निश्चिंत राहिले. म्हणून म्हटलं, पोरीचं मन राहू द्या, घ्या घोटभर.

कार्डावर पानभर वाइनची नावं. आमचे चेहरे बघून वेटरच म्हणाला, "आधी तीन चाखून बघा," आणि लांब दांड्याचे तीन ग्लास घेऊन आला. एकात लाल, एकात पांढरी, एकात गुलाबी, प्रत्येकात जेमतेम दोन घोट.

"ही लाल जरा ड्राय आहे, सर. म्हणजे गोड नाही."

"मग औषधच की!" मी म्हणाले. दयानंद हसला. किती दिवसांनी तो हसताना दिसला, मला बरं वाटलं.

मग त्यानं लाल वाइनचा ग्लास उचलला, करंगळीशेजारचं बोट आत बुडवलं, दोन थेंब खाली उडवले आणि प्याला. पांढरीलाही तेच. गुलाबीलाही. तोंडानं वेटरला द्राक्षं कुठली ते विचारत होता, हात आपोआप चालला होता. आबा रोज पहिल्या घोटाआधी असेच थेंब उडवायचे, धरणीमायला आणि गेलेल्या माणसांना. पहिल्यांदा पिणाऱ्याला हे सुचत नाही.

वेटर गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"काय?"

"थेंब टाकायलाव ते."

त्यानं आपल्या बोटाकडे पाहिलं. तो खोटं बोलला असता तर मी तिथंच भांडले असते.

"दीड वरीस झालं," तो म्हणाला. "दुकान बंद केलं की घर खायला उठायचं गं. कुणाला बोलू? आधी शनिवारी घ्यायचो, मग रोजच."

मला राग यायला हवा होता. आला तो शीण. त्याची कीवही आली, कारण त्याला एकटं ठेवायचं आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, पोरीसाठी.

पास्ता आला. कसेबसे चार घास खाल्ले.

"तू आलीस की सुटतंय बग," तो म्हणाला. "तू असल्यावर मला काय लागतंय? चल आजच."

आबा माझ्या आईला हेच म्हणायचे. तिनं जन्मभर वाट पाहिली.

"दोन वर्षं पोरीला सांभाळलं," मी म्हणाले. "आता तुमाला सांभाळायची ताकद न्हाई माझ्यात. आधी सोडा. सुटली की बोलवा, मी येते."

"आन् न्हाई सुटली तर?"

त्याच्यावर माझा जीव आहे, तेव्हाही होता, तेच तर वाईट.

वेटर भांडी उचलायला आला. उरलेला पास्ता बघून म्हणाला, "पार्सल करू का?"

"कर," दयानंद घाईनं म्हणाला. "घरी जाऊन खातो आमी."

"दोन करा," मी वेटरला म्हणाले. "वेगवेगळे."